सोपं इंग्रजी अवघड जातं, सेन्योर!

माद्रिदमधल्या एखाद्या गृहस्थाला ‘एक्स्टिंग्विश’ म्हणून बघा. जड शब्द, पण पठ्ठ्याला झटक्यात कळेल. आता ‘पुट आउट’ म्हणा. भुवया वर! ‘पुट’ माहीत, ‘आउट’ माहीत, पण दोघं एकत्र आले की आग कशी काय विझते, ते मात्र त्याला झेपत नाही.

जगात सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा स्पॅनिश आहे, आणि इंग्रजी शिकताना त्यांची गाडी उलटी चालते. अवघड शब्द सोपे, सोपे शब्द अवघड. का, माहीत आहे का?

उत्तर १०६६ सालात दडलंय. नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि मागोमाग फ्रेंच-लॅटिन शब्दांचं वऱ्हाड इंग्रजीत येऊन बसलं, ते कायमचंच. स्पॅनिश तर लॅटिनची सख्खी लेक. त्यामुळे ‘टॉलरेट’ ऐकलं की तिला घरचा ‘तोलेरार’ आठवतो, ‘पोस्टपोन’ला ‘पोस्पोनेर’ सापडतो. पण इंग्रज माणूस रोजच्या बोलण्यात म्हणतो ‘पुट अप विथ’ आणि ‘पुट ऑफ’. आता काय करणार?

आपल्याकडचा सीन डोळ्यांसमोर आणा. फक्त संस्कृत शिकलेला एक परदेशी पंडित पुणे स्टेशनवर उतरतो आणि रिक्षावाल्याला म्हणतो, “महोदय, मी प्रस्थान करू इच्छितो.” रिक्षावाला म्हणतो, “मीटर बंद पडलंय.” पंडित वाकून रिक्षाखाली शोधायला लागतो. पडलं म्हणे, मग पडलं कुठं?

बस्स. फ्रेझल व्हर्ब म्हणजे हेच. साधं क्रियापद, त्याला चिकटलेलं ‘अप’, ‘डाऊन’, ‘ऑफ’सारखं शेपूट, आणि अर्थ भलतीकडेच!

‘गो ऑफ’चा थाट बघा. पहाटे अलार्म ‘गोज ऑफ’, म्हणजे वाजायला लागतो. दिवे ‘गो ऑफ’, म्हणजे बंद होतात. दूध ‘गोज ऑफ’, म्हणजे नासतं. बॉम्ब ‘गोज ऑफ’, म्हणजे फुटतो. सकाळी सहाच्या आत चार वेळा ‘ऑफ’, आणि विद्यार्थ्यानं डोकं मात्र ऑन ठेवायचं!

फॉर्म ‘फिल इन’ करा नाहीतर ‘फिल आउट’ करा, फॉर्म तोच भरतो. ‘स्लो डाऊन’ आणि ‘स्लो अप’? दोन्हींचा अर्थ वेग कमी करा. घर ‘बर्न डाऊन’ होतं तेव्हा त्यातलं सामान ‘बर्न अप’ होतं. वर-खाली दिशांचा यात काही संबंध असेल, असं ज्याला वाटलं तो फसला.

आणि सीटिंग अरेंजमेंट! ‘लुक अप द वर्ड’ चालतं. ‘लुक द वर्ड अप’सुद्धा चालतं. पण ‘वर्ड’च्या जागी ‘इट’ आलं की त्याला फक्त मधली सीट. ‘लुक इट अप’ बरोबर, ‘लुक अप इट’ चूक. त्यापेक्षा लोकलमधली चौथी सीट बरी, निदान कडेची तरी असते.

हे दुखणं आजचं नाही बरं का. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला गाजलेला इंग्रजी कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच कबुली दिली होती की क्रियापदाला चिकटणारे हे छोटे शब्द परदेशी लोकांना सगळ्यात जास्त छळतात. पावणेतीनशे वर्षं होत आली. छळ चालू आहे.

मग ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव कधी रुळलं, माहीत आहे का? १९२५ मध्ये! लोगन पिअर्सल स्मिथ यांनी ते आपल्या पुस्तकात वापरलं आणि सुचवल्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. म्हणजे शेकडो वर्षं लोक आजारी होते, निदान मात्र काल-परवा झालं.

रेकॉर्ड हवाय? घ्या. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ होते. नोंदीची लांबी साधारण ६० हजार शब्द. हे एका शब्दाचं वर्णन आहे की कादंबरी?

मग ‘रन’नं ‘सेट’ला मागे टाकलं. धावणारच तो, नावच ‘रन’! पीटर गिलिव्हर या संपादकांनी ‘रन’ची नोंद नव्यानं केली तेव्हा या एका क्रियापदाचे अर्थ भरले ६४५. काम चाललं नऊ महिने. बाळ-बाळंतीण सुखरूप.

बाळंतिणीवरून आठवलं. स्पॅनिश बाई इंग्रजीत ‘आय ॲम एम्बरॅस्ड’ म्हणते तोवर ठीक. पण तुम्ही मेक्सिकोत लाजून ‘एम्बारासादा’ म्हणालात, तर लोक अभिनंदन करतील. त्याचा अर्थ आहे गरोदर!

दिसायला सारखे, अर्थाला परके अशा शब्दांना भाषेच्या क्लासमध्ये ‘फॉल्स फ्रेंड्स’ म्हणतात. आपल्या भाषेत तोंडावर गोड आणि मागून घात. अशी मंडळी स्पॅनिश-इंग्रजीच्या वाटेवर पावलोपावली उभी आहेत.

स्पेनमध्ये कुणी ‘कोन्स्तिपादो’ आहे म्हणालं तर इसबगोल पुढं करू नका. त्याला सर्दी झालीय.

दारावर ‘एक्सितो’ वाचून बाहेर पडायला जाल, तर थांबा. एक्सितो म्हणजे यश. बाहेरच्या दारावर ‘सालिदा’ लिहिलेलं असतं. कोलंबियात तर ‘एक्सितो’ नावाची सुपरमार्केटची मोठी साखळीच आहे, म्हणजे एक्झिट समजून आत शिराल आणि पिशव्या भरून बाहेर याल.

‘लिब्रेरिया’त पुस्तकं विकत मिळतात, वाचायला फुकट नाही. त्यासाठी ‘बिब्लिओतेका’. ‘कार्पेता’ म्हणजे गालिचा नव्हे, फाइल ठेवायचं फोल्डर. ‘पारिएन्तेस’ म्हणजे आईवडील नव्हेत, नातेवाईक. एखादा स्पॅनिश पोरगा ‘माझे चाळीस पेरेंट्स लग्नाला आले’ म्हणाला तर दचकू नका.

जॅमच्या बाटलीकडे बोट दाखवून ‘यात प्रेसेर्वातिवो आहे का?’ असं चारचौघांत विचारू नका. का ते हळूच सांगते. प्रेसेर्वातिवो म्हणजे कंडोम.

आणि ही माझी लाडकी जोडी: ‘एस्पोसा’ म्हणजे बायको. अनेकवचन ‘एस्पोसास’ म्हणजे बायका, आणि हातकड्यासुद्धा! विनोद करायची गरजच नाही, कोशानंच केलाय.

रोमन लिपीत तर आणखी धमाल. ‘ओ-एन-सी-ई’ ही चार अक्षरं इंग्रजीत ‘वन्स’, म्हणजे एकदा. स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’, म्हणजे अकरा! ‘एस-आय-एन’ इंग्रजीत पाप, स्पॅनिशमध्ये ‘विना’. पाकिटावर ‘सिन आसूकार’ दिसलं तर घाबरू नका, बिनसाखरेचं आहे. डायबेटिसवाल्यांसाठी हे ‘सिन’ म्हणजे पुण्यच.

‘पी-ए-एन’? इंग्रजीत पॅन म्हणजे तवा. स्पॅनिशमध्ये ‘पान’ म्हणजे ब्रेड. आपल्याकडचं पान जेवणानंतर, त्यांचं जेवणाबरोबर.

‘सोपा’ तर कमालच करतो. इंग्रजांचा ‘सोप’ अंघोळीला, स्पॅनिश ‘सोपा’ प्यायला, कारण तो सूप आहे. आणि मराठीत सोपा म्हणजे अवघड नसलेला. तीन भाषांत तीन ताटं. यात सोपं काय, ते तुम्हीच सांगा!

जरा श्वास घ्या. आता एक गंमत जी खरंच डोक्यात राहील.

लेनर्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांनी एक बाटली पाण्यात सोडली. म्हणजे वाक्यात हो! इंग्रजीत बाटली ‘फ्लोटेड इंटू द केव्ह’. तरंगणं मुख्य क्रियापदात, आत जाणं शेपटात. स्पॅनिशमध्ये उलट: मुख्य क्रियापद ‘एन्त्रार’, म्हणजे शिरणं, आणि तरंगणं सोबतीला. आता हे मराठीत म्हणा: ‘बाटली तरंगत गुहेत शिरली.’ ओळखलंत? आपण स्पॅनिशच्या पार्टीतले!

खरंच. इंग्रज ‘गो इन, गो आउट, गो अप, गो डाऊन’ असं एकाच ‘गो’वर भागवतो. स्पॅनिश माणसाकडे चार वेगळी क्रियापदं: एन्त्रार, सालिर, सुबिर, बाहार. आपल्याकडेही चार: शिरणं, निघणं, चढणं, उतरणं. आणि हो, ‘बाहार’ म्हणजे उतरणं, बाहेर जाणं नाही. कानावर विश्वास ठेवला की संपलंच.

आणखी पुरावा? स्पॅनिशमध्ये हाताचं बोट ‘देदो’ आणि पायाचं बोटही ‘देदो’. इंग्रजाला फिंगर वेगळं, टो वेगळा. मराठीला? बोट ते बोट! ‘रेलोह’ म्हणजे घड्याळ, मनगटावरचं असो की भिंतीवरचं. इंग्रजीत मात्र वॉच आणि क्लॉक. म्हणून स्पॅनिश पोरं ‘माझ्या पायाची फिंगर दुखतेय’ असं बिनधास्त म्हणतात. आपलीही म्हणतात, फक्त आपण कबूल करत नाही.

‘एस्पेरार’मध्ये मात्र ते आपल्यापेक्षा काटकसरी. वाट पाहणं, आशा करणं, अपेक्षा ठेवणं, तिन्हीला हे एकच क्रियापद. बस स्टॉपवर उभं राहिलेल्या माणसाची अवस्था एका शब्दात सांगायची तर याहून चांगला शब्द नाही.

आपण फार हसायला नको म्हणा. ‘गेट’चे शंभर अर्थ म्हणून कपाळाला हात लावताना जरा ‘लागणं’ आठवा. भूक लागते, ठेच लागते, वेड लागतं, नंबर लागतो, दार लागतं, भाजी तिखट लागते, आणि हे सगळं परदेशी माणसाला समजवायला वेळ लागतो. वर ‘खाऊन टाक’! तो बिचारा विचारतो, आधी खायचं आणि मग टाकायचं?

चला, बाटलीकडे परत. ‘बोतेया’ म्हणजे स्पॅनिशमध्ये बाटली. आणि माद्रिदच्या महापौर होत्या आना बोतेया. ७ सप्टेंबर २०१३. ब्युनोस आयर्स. २०२० चं ऑलिम्पिक माद्रिदला मिळावं म्हणून बाई इंग्रजीत भाषणाला उभ्या राहिल्या आणि जगाला आमंत्रण दिलं: माद्रिदच्या प्लासा मायोर चौकात ‘अ रिलॅक्सिंग कप ऑफ काफे कोन लेचे’ घ्यायला या. अर्धं इंग्रजी, अर्धं स्पॅनिश, वर दुधाळ कॉफी! स्पेनभर मीम्सचा पूर आला. ऑलिम्पिक टोकियोला गेलं. कॉफी मात्र अजून लोकांच्या तोंडी आहे. मला विचाराल तर त्या भाषणातला तेवढाच भाग फक्कड होता.

स्पेनच्या इंग्रजीवर सगळे हसतात, पण एक कारण पडद्यावर सापडतं. १९४१ मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीनं परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्ये डब करणं सक्तीचं केलं. सक्ती पुढं उठली, सवय उरली. हॉलिवूडचे हिरो तिथं पिढ्यानपिढ्या अस्खलित स्पॅनिश बोलतात, मग इंग्रजी कानावर पडणार कधी?

त्यातला कळस ऐका. ‘टर्मिनेटर २’मध्ये श्वार्झनेगर स्टाइलमध्ये म्हणतो, ‘आस्ता ला विस्ता, बेबी’. आता हे तर मुळातच स्पॅनिश! मग स्पेनमध्ये डब करताना स्टाइल राहणार कशी? त्यांनी शक्कल लढवली. स्पेनमधला टर्मिनेटर म्हणतो, ‘सायोनारा, बेबी’.

‘डाय हार्ड’चं नाव स्पेनमध्ये काय, माहीत आहे का? ‘हुंग्ला दे क्रिस्ताल’. काचेचं जंगल! लॅटिन अमेरिकेत तोच पिक्चर ‘दूरो दे मातार’, म्हणजे मारायला कठीण. एकच हिरो, एकच भाषा, नावं दोन. आपल्याकडे प्रत्येक गावात वडापावची चटणी बदलते, तसंच.

पण अशाच स्पेनमधला एक मास्तर मला भारी आवडतो. हुआन कार्रिओन, कार्ताहेना गावचे इंग्रजीचे शिक्षक. साठच्या दशकात पाठ्यपुस्तकांपेक्षा बीटल्सची गाणी बरी, असं त्यांचं ठाम मत. रेडिओ लक्झेंबर्ग लावायचे, कान टवकारायचे आणि ऐकू येतील ते शब्द वहीत उतरवायचे. खरखरीत जे हरवलं तिथं मोकळी जागा. अशी भोकं पडलेली गाणी वर्गात शिकवायची तरी कशी?

१९६६ मध्ये त्यांना कळलं की बीटल्समधला जॉन लेनन सिनेमाच्या शूटिंगसाठी अल्मेरियात आलाय. मास्तरांनी वह्या उचलल्या आणि गाठलं अल्मेरिया. ओळख नाही, पाळख नाही. तरी भेट झाली! लेनननं वह्या चाळल्या, गाळलेल्या जागा भरल्या, चुका दुरुस्त केल्या. म्हणजे जगातल्या सगळ्यात महागड्या ट्यूटरनं फुकटात पेपर तपासला. मास्तरांनी गळ घातली की गाण्यांचे शब्द रेकॉर्डबरोबर छापा हो! आणि १९६७ मध्ये आलेल्या बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ अल्बमच्या कव्हरवर सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले होते. मास्तरांचं ऐकलं की योगायोग? तुम्ही ठरवा. २०१३ मध्ये या गोष्टीवर स्पॅनिश सिनेमाही आला आणि त्यानं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा गोया पुरस्कार मारला.

उच्चारांचं काय म्हणता? स्पॅनिशमध्ये स्वर मोजून पाच. इंग्रजीत त्याच्या चौपट! म्हणून ‘शिप’ आणि ‘शीप’ एकच होतात, आणि बंदरावर जहाज आलं की मेंढी, कळत नाही. ‘बीच’वर जाताना तर ‘ई’ नीट ताणायची, नाहीतर समोरचा कानाखाली काढेल.

‘ब’ आणि ‘व’चा उच्चारही तिथं एकच. त्यामुळे स्पेलिंग सांगताना लॅटिन अमेरिकेतली शाळकरी पोरं विचारतात: बुर्रोचा ब की वाकाचा व? म्हणजे गाढवाचा की गाईचा? शुद्धलेखन म्हणजे गोठा!

शब्दाच्या सुरुवातीला ‘स’ला जोडाक्षर आलं की त्याआधी ‘ए’ लागलाच. एस्कूल, एस्टॉप, एस्पेन. उत्तर भारतातल्या ‘इस्कूल’ची ही लांबची मावसबहीण.

आता स्पॅनिश लोकांनी उगवलेला सूड बघा. त्यांनी इंग्रजीचं ‘इंग’ पळवलं! पूल म्हणजे ‘पुएन्ते’, त्याला ‘इंग’ लावून ‘पुएन्तिंग’, म्हणजे दोर बांधून पुलावरून उडी मारणं. उड्डाण म्हणजे ‘वुएलो’. २००४ मध्ये बार्सिलोनात विमान कंपनी निघाली, नाव ‘वुएलिंग’. इंग्रजी शब्दकोशात शोधत बसा, सापडणार नाही.

पेरूसारख्या देशात पहारेकऱ्याला काय म्हणतात? ‘ग्वाचिमान’. मोठ्यानं म्हणून बघा. वॉचमन! आपल्या सोसायटीतला वॉचमन तिकडेही ड्युटीवर आहे. होमरन झालं ‘होनरोन’, बीफस्टेक झाली ‘बिस्तेक’, आणि विचित्र छंदवेडा ‘फ्रीकी’ झाला ‘फ्रिकी’.

अमेरिकेत तर दोन्ही भाषांची भेळच झाली. या भेळेसाठी ‘एस्पांग्लिश’ हा शब्द पोर्तो रिकोचे लेखक साल्वादोर तिओ यांनी १९४८ मध्ये चालवला, तोही टोमणा मारायला. २०१४ मध्ये स्पॅनिश अकादमीच्या कोशानं त्याला आत घेतलं. टोमण्याला मानाचं पान!

त्या भेळेतला प्रसिद्ध चुरमुरा: ‘वाकुनार ला कार्पेता’. म्हणायचं असतं कार्पेट व्हॅक्यूम करणं. शुद्ध स्पॅनिशमध्ये होतो अर्थ: फोल्डरला लस टोचणं.

आणि ज्या फ्रेझल व्हर्बनं एवढा छळ मांडला, त्याचंच बघा! ‘कॉल यू बॅक’चं थेट भाषांतर करून अमेरिकेतले स्पॅनिश भाषक म्हणतात, ‘ते यामो पात्रास’. शब्दशः अर्थ: तुला मागच्या बाजूला फोन करतो. माद्रिदचा माणूस ऐकतो आणि मान वळवून मागं बघतो.

पोर्तो रिकोनं तर भाषेचा झोपाळाच केला. १९९१ मध्ये तिथं फक्त स्पॅनिश ही एकच अधिकृत भाषा ठरली. त्याबद्दल स्पेननं तिथल्या जनतेला मानाचा प्रिन्स ऑफ आस्तुरियास पुरस्कार दिला. दोनच वर्षांत, १९९३ मध्ये, इंग्रजी पुन्हा अधिकृत! पुरस्कार परत मागितला नाही, हे नशीब.

इंग्रजीनंही कमी उचलेगिरी केलेली नाही. ‘मॉस्किटो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये छोटी माशी. ‘ॲलिगेटर’ म्हणजे ‘एल लागार्तो’, तो सरडा. एवढ्या मोठ्या धुडाला सरडा म्हणणाऱ्यांची हिंमत बघा! ‘गेरिया’ म्हणजे छोटं युद्ध. नेपोलियनच्या फौजांना स्पेनमध्ये १८०८ पासून त्यानं बेजार केलं आणि इंग्रजीला ‘गुरिल्ला’ मिळाला. आपल्या गनिमी काव्याला इंग्रजीत आज हाच स्पॅनिश शब्द लावतात, कावा मात्र त्याआधी दीडशे वर्षांचा.

आता घरचं बघू. स्पॅनिशची सख्खी बहीण पोर्तुगीज गोवा-वसईमार्गे मराठीत आली आणि ‘पगार’ देऊन गेली. स्पॅनिशमध्येही ‘पागार’ आहेच, पण अर्थ ‘पैसे चुकते करणं’. मुंबईत महिनाअखेरीला ‘पगार झाला का?’ ऐकून स्पॅनिश पाहुणा घाबरून पाकीट काढेल.

‘बालदी’? पोर्तुगीज ‘बाल्दे’, स्पॅनिशमध्येही ‘बाल्दे’. ‘बटाटा’? स्पॅनिशमध्ये ‘बाताता’ आहे, पण ते आपलं रताळं. खऱ्या बटाट्याला स्पेनमध्ये ‘पाताता’ म्हणतात, आणि इंग्रजीचा ‘पोटॅटो’ तिथूनच आला. म्हणजे वडापावातला बटाटा आणि इंग्रजांचा पोटॅटो हे चुलतभाऊ.

शेवटचा प्रश्न. फोटो काढताना इंग्रज ‘चीज’ म्हणतात. स्पेनमध्ये काय म्हणतात, माहीत आहे का? ‘पाताता!’

तेव्हा पुढच्या ग्रुप फोटोत चीज ठेवा बाजूला, दात दाखवा, आणि म्हणा सगळे एका सुरात: बटाटा!